पंच कुठे गेला? आरपीजी खेळांतल्या गोष्टींचा इतिहास आणि हिशेब



या मालिकेत आपण किल्ले पाहिले, मोहिमा पाहिल्या, नकाशे वाचले. आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. आज आपण व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. त्यातही एका ठरावीक जातीच्या खेळांबद्दल, ज्यांना रोल-प्लेइंग गेम किंवा थोडक्यात आरपीजी म्हणतात. यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याच्या वतीने बोलतो, लढतो, निर्णय घेतो, आणि त्यातून एक लांबलचक गोष्ट उलगडत जाते. एकेक खेळ चाळीस, साठ, शंभर तासांचा.

इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, घरात पंधरा ते पस्तीस वयाचं कुणी असेल तर त्याला एवढंच विचारा, "कोणत्या आरपीजीची गोष्ट सर्वांत चांगली?" जेवण थंड होईपर्यंत उत्तर चालेल. माझा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा त्याचा खेळांचा संगणक घरीच राहिला. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. गेली काही वर्षं मी हे खेळ शिस्तीत खेळतो आहे, वहीत टिपणं काढतो आहे.

पण लष्करी इतिहासाच्या मालिकेत हे कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे या खेळांची वंशावळ थेट प्रशियाच्या सैन्याच्या नकाशाघरात जाऊन पोचते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या खेळांच्या गोष्टींची तुलना करताना लोक पात्रं किती, शेवट किती, संवाद किती असं मोजतात. माझ्या मते ते माप चुकीचं आहे. योग्य माप लष्करी सरावात सापडतं, आणि त्याचं नाव आहे पंच.

प्रशियातलं टेबल

सुरुवात आपल्याच घरातून. चतुरंग हा खेळ भारतातला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं एका पटावर. हा पट इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथल्या हेलविग नावाच्या गणितज्ञाने बुद्धिबळाचा पट मोठा केला. त्यात सोळाशेहून अधिक घरं होती आणि जमिनीच्या प्रकारानुसार त्यांना रंग होते. पण तो अजूनही पटच होता. दोन्ही खेळाडूंना सगळं दिसायचं. खऱ्या रणांगणावर असं कधीच नसतं.

१८१२ मध्ये ब्रेस्लाउचे एक मुलकी अधिकारी, राइसवित्स, यांनी प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचं एक मोठं टेबल सादर केलं. त्यांच्या तोफखान्यातल्या मुलाने त्यात सुधारणा करून १८२४ मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. याचं नाव क्रीग्सश्पील, म्हणजे सरळ अर्थाने युद्धखेळ. चौकोनांऐवजी खरा नकाशा आला, १:८००० प्रमाणाचा. एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. नुकसान किती झालं हे फाशांवर. सर्वांत मोठा बदल म्हणजे दोन्ही बाजूंच्या मध्ये एक तिसरा माणूस बसला. खेळाडू त्याच्याकडे लेखी हुकूम द्यायचे. तो ते वाचून नकाशावर ठोकळे हलवायचा आणि प्रत्येक बाजूला तिच्या सैन्याला दिसेल तेवढंच दाखवायचा. सरसेनाप्रमुख म्युफ्लिंग हे प्रात्यक्षिक पाहून इतके खूश झाले, की हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे असं त्यांनी म्हटल्याचं सांगतात. त्यानंतर हा खेळ पलटणींपर्यंत गेला.

पुढे नियम वाढत गेले आणि खेळ जड झाला. १८७६ मध्ये जनरल व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी उलट दिशा धरली. तक्ते, फासे बाजूला ठेवा. अनुभवी पंचाने आपल्या बुद्धीने निकाल द्यावा. याला मुक्त क्रीग्सश्पील म्हणतात.

आमच्याकडेही हा पंच आहे. वाळूच्या नकाशावर सराव चालतो तेव्हा एक जण दंडाला पट्टी बांधून उभा असतो. तुम्ही म्हणता, माझी कंपनी पहाटेपर्यंत नाला ओलांडेल. तो शांतपणे सांगतो, "रात्री पाऊस झाला. नाल्याला कमरेएवढं पाणी आहे. आता काय करणार?" चांगला पंच तीन गोष्टी करतो. तो लक्षात ठेवतो : काल तुम्ही कोणती टेकडी सोडून दिली हे आज त्याच्या डोक्यात असतं. तो झाकून ठेवतो : तुम्हाला अर्धीच माहिती देतो आणि तेवढ्यावरच निर्णय मागतो. आणि तो भोगायला लावतो : झालेली चूक पुसू देत नाही, तिथूनच पुढे चालायला सांगतो.

स्मरण, धुकं आणि भोग. आरपीजीची गोष्ट मी या तीन कसोट्यांवर तपासतो.

ब्राउनस्टाइन ते डंजन्स अँड ड्रॅगन्स

प्रशियातून आपण थेट अमेरिकेत जाऊ. १८८० मध्ये चार्ल्स टॉटन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने स्ट्रॅटेगोस नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटामधल्या डेव्हिड वेझली या तरुणाला ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. त्यातली एक गोष्ट त्याने उचलली : पंचाला पूर्ण अधिकार, आणि खेळाडू काहीही करून पाहू शकतो.

१९६९ मध्ये वेझलीने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर खेळ मांडला. नेपोलियनचा काळ होता. सैन्य येण्याआधी गावात काय चाललंय हे दाखवावं म्हणून त्याने काही मित्रांना एकेका माणसाची भूमिका दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलपती. झालं असं, की मंडळी एकमेकांशी कट करू लागली, कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागली, आणि मुख्य लढाई बाजूलाच राहिली. वेझलीला वाटलं खेळ फसला. मित्रांनी विचारलं, पुढचा कधी?

वेझली राखीव दलात होता. त्याला सेवेवर बोलावणं आलं आणि सूत्रं डेव्ह आर्नेसनकडे गेली. त्याने ब्लॅकमूर नावाचं अद्भुत राज्य रचलं आणि तळघरातल्या भुयारांत मित्रांना उतरवलं. विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्सने सहकाऱ्याबरोबर चेनमेल हे मध्ययुगीन लढायांचे नियम १९७१ मध्ये काढले होते. दोघं एकत्र आले आणि १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध झालं. पहिली आवृत्ती फक्त एक हजार प्रतींची. आज जगातल्या जवळपास प्रत्येक आरपीजीत तिचं रक्त आहे.

त्या खेळात पंचाला नवं नाव मिळालं, डंजन मास्टर. काम मात्र प्रशियातलंच. तो जग सांभाळतो, खेळाडू काय करतो ते ऐकतो आणि परिणाम सांगतो. गोष्ट कुणी एकाने लिहिलेली नसते. ती टेबलाभोवती घडते.

संगणक आला, पंच उठून गेला

डंजन्स अँड ड्रॅगन्स येऊन वर्ष होतं न होतं तोच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकजाळ्यावर विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला उतरवल्या. १९७५ मधल्या अशा एका खेळाचं नाव होतं पेडिट५, म्हणजे एखाद्या अभ्यासाच्या फाइलसारखं, व्यवस्थापकांना संशय येऊ नये म्हणून. तरी तो पुसला गेलाच. १९८१ मध्ये विझर्ड्री आणि अल्टिमा घरगुती संगणकांवर आले.

संगणकाला फासे टाकता येत होते, जखमा मोजता येत होत्या, नकाशा लक्षात ठेवता येत होता. पंचाचं खरं काम मात्र त्याला येत नव्हतं. खेळाडू म्हणाला, "मी राक्षसाशी लढत नाही, त्याला जेवायला बोलावतो," तर माणूस पंच हसून काहीतरी मार्ग काढील. संगणकाकडे तेवढी ओळ लिहिलेली नसेल तर विषय संपला. म्हणून सुरुवातीच्या खेळांत गोष्ट म्हणजे डब्याबरोबर आलेल्या पुस्तिकेतली दोन पानं. बाकी भुयार, मारामारी आणि सोनं.

इथून पुढचा सगळा इतिहास एका प्रश्नाचा आहे. उठून गेलेल्या पंचाला परत कसं बसवायचं? प्रत्येक मोठ्या खेळाने याचं वेगळं उत्तर दिलं, आणि त्या उत्तरांवरून त्यांची तुलना करता येते.

अल्टिमा ४ : मुका हिशेबनीस

रिचर्ड गॅरियटचा अल्टिमा ४ हा १९८५ चा खेळ. यात मारायला कुणी महाखलनायक नाही. खेळाडूने प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं. हा शब्द गॅरियटने आपल्याच परंपरेतून घेतला.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो. औषधी वनस्पती विकणारी बाई आंधळी आहे. पैसे किती द्यायचे ते तुम्ही स्वतः टाकायचे. कमी टाकलेत तर माल मिळतो, कुणी ओरडत नाही, शिपाई येत नाहीत. पण आत कुठेतरी खेळाने वजाबाकी केलेली असते. पुढे कित्येक तासांनी तुम्हाला कळतं, की प्रामाणिकपणाच्या वाटेवर तुम्ही मागे पडलात. पळून जाणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याचा पाठलाग करून त्याला मारलंत, तर तेही नोंदलं जातं.

पंच परत आला होता, मुक्या हिशेबनिसाच्या रूपात. स्मरण उत्तम, धुकंही होतं. फक्त चूक भरून काढता यायची : पुढच्या वेळी पूर्ण पैसे द्या आणि खातं चुकतं करा. पण १९८५ च्या यंत्रावर एवढं करणं ही मोठीच गोष्ट होती.

जपानची वाट : कीर्तनकार

जपानमध्ये युजी होरी यांनी विझर्ड्री आणि अल्टिमा पाहिले आणि १९८६ मध्ये ड्रॅगन क्वेस्ट काढला. १९८७ मध्ये हिरोनोबू साकागुची यांचा फायनल फँटसी आला. या दोघांनी जपानी आरपीजीचा रस्ता आखला, आणि तो रस्ता वेगळा होता.

ड्रॅगन क्वेस्टमध्ये राजकन्या तुम्हाला विचारते, मला बरोबर नेशील ना? तुम्ही 'नाही' म्हणा, ती पुन्हा विचारते. पुन्हा 'नाही' म्हणा, पुन्हा तोच प्रश्न. 'हो' म्हणेपर्यंत सुटका नाही. पाश्चात्त्य खेळाडू याला हसतात. मला ते हसणं पटत नाही. हा पंच नाही, हा कीर्तनकार आहे. पुढे काय होणार हे त्याला माहीत आहे, श्रोत्यालाही बहुतेक माहीत आहे, आणि तरी माणसं रात्र जागवतात. कीर्तनात हरिश्चंद्राला कुणी "राज्य देऊ नकोस" असा पर्याय देत नाही.

या वाटेचं शिखर म्हणजे १९९७ चा फायनल फँटसी ७. पहिल्या डिस्कच्या अखेरीस एअरिथ नावाची सहकारी मारली जाते. ती तुमच्या तुकडीतली असते. तुम्ही तिच्यावर कितीतरी तास खर्च केलेले असतात, तिची शक्ती वाढवलेली असते. ती तुमच्या कुठल्याही चुकीमुळे मरत नाही आणि कुठल्याही हुशारीने वाचत नाही. जगभरच्या मुलांनी तिला परत आणण्याच्या युक्त्या वर्षानुवर्षं शोधल्या. युक्ती नव्हतीच. इथे पंचाच्या तीनपैकी तिसरीच कसोटी पूर्ण लागते, पण ती अशी लागते की बाकीच्यांची उणीव भासत नाही. तुकडीतला माणूस गेला तर त्याची जागा रिकामी राहते, हे त्या खेळाने नियमांच्या भाषेत सांगितलं : लढाईच्या यादीत तिचं नाव येतच नाही.

फॉलआउट आणि टॉर्मेंट

अमेरिकेत त्याच १९९७ साली फॉलआउट आला. अणुयुद्धानंतरचं जग आहे. भूमिगत आश्रयस्थानातली पाणी शुद्ध करणारी चकती बिघडली आहे आणि ती शोधायला तुमच्याकडे १५० दिवस आहेत. वाटेत गावं लागतात. कुणाला मदत केलीत, कुणाला वाऱ्यावर सोडलंत, याचा हिशेब शेवटी चित्रांच्या मालिकेत येतो, एकेका गावाचं पुढे काय झालं ते सांगत. मुख्य शत्रूला तुम्ही बंदुकीशिवायही हरवू शकता : त्याने घडवलेली नवी जात वांझ आहे याचा पुरावा त्याच्यासमोर ठेवायचा. त्याचा सगळा विचारच कोसळतो. आणि अखेरीस ज्या घरासाठी हे सारं केलं, त्या घराचा प्रमुख तुम्हाला दारातूनच परत पाठवतो, कारण तुम्ही आता बदललेले आहात. मोहिमेवरून परतलेल्या कितीतरी जवानांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, प्लेनस्केप : टॉर्मेंट आला. प्रमुख लेखक ख्रिस अव्हेलोन. यातला नायक मरत नाही. खेळाच्या सुरुवातीला तो शवागारात जागा होतो आणि आधीचं विसरलेला असतो. त्याला नावही नाही. सुमारे आठ लाख शब्दांचा हा खेळ आहे आणि त्यातला बराचसा भाग म्हणजे वाचन. स्वतःच्या जुन्या जन्मांत आपण काय काय करून ठेवलंय याचा शोध ही त्याची गोष्ट.

डॅकॉन नावाचा एक योद्धा त्याच्याबरोबर असतो. नायकाच्या एका जुन्या जन्मात डॅकॉनने शपथ घेतलेली असते : तुझ्या मृत्यूपर्यंत मी तुझी सेवा करीन. हा माणूस मरूच शकत नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. एका प्रामाणिक शिपायाची शपथ अशी कायमची गुलामी झाली. शपथ घेतलेल्या कुणालाही हे वाचून पोटात खड्डा पडेल. पुढे आणखी एक उलगडा होतो : नायक दर वेळी मरतो तेव्हा त्याच्या जागी जगात दुसऱ्या कुणाचा तरी जीव जातो. म्हणजे खेळाडू ज्याला सोय समजत होता, मेलो तर पुन्हा उठू, त्या सोयीचंही बिल निघतं. पंचाने हिशेब खेळ सुरू होण्याच्या आधीपासून ठेवलेला होता.

भविष्यवाणीचा तुटलेला धागा

२००२ च्या मॉरोविंडमध्ये एक धीट गोष्ट आहे. कथेला आवश्यक असं पात्र तुम्ही मारू शकता. मारलंत, तर पडद्यावर सूचना येते, की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे. मागे जा, किंवा तुम्हीच घडवलेल्या या बुडालेल्या जगात पुढे चालू ठेवा. पंच तुम्हाला थांबवत नाही आणि खोटंही बोलत नाही.

चारच वर्षांनी, २००६ मध्ये, याच मालिकेतला ऑब्लिव्हियन आला. त्यात महत्त्वाची पात्रं मरतच नाहीत. तलवार मारा, ती बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून चालू लागतात. जग जास्त सुंदर झालं, खेळाडू वाढले, आणि गोष्टीचा कणा मऊ झाला. दोन्ही खेळांत जग अवाढव्य आहे. फरक आहे तो खेळाडूला मोठा माणूस समजून वागवण्यात.

मास इफेक्ट : कमांडरचा खेळ

कॅनडातल्या बायोवेअरची मास इफेक्ट ही त्रयी २००७ ते २०१२ या काळातली. यात तुम्ही कमांडर शेपर्ड, एका अवकाशनौकेचे प्रमुख. पहिल्या भागात एका ग्रहावर दोन सहकारी दोन जागी अडकतात. एकालाच वाचवता येतं. ज्याने कधी आपल्या पथकातल्या माणसाच्या घरी पत्र लिहिलं आहे, तो तिथे बटण दाबण्यापूर्वी थांबेल. तुमचा निर्णय पुढच्या दोन्ही खेळांत जिवंत राहतो. तिसऱ्या भागात नौकेवर गेलेल्यांच्या नावांची भिंत आहे, आणि त्या भिंतीवरची नावं तुमच्या निर्णयांप्रमाणे बदलतात.

२०१० चा दुसरा भाग माझ्या मते नेतृत्वावरचा सर्वांत चांगला खेळ आहे. शेवटची मोहीम अशी, की सगळे मरू शकतात आणि सगळे परतही येऊ शकतात. तांत्रिक काम कुणाला दिलं, दुसऱ्या तुकडीचा प्रमुख कुणाला नेमलं, निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या घरच्या अडचणीत लक्ष घातलं होतं का, यावर ते ठरतं. आपल्या माणसांना ओळखा, हे अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात. इथे ते न केल्यास शवपेट्या मोजाव्या लागतात.

मग तिसऱ्या भागाचा शेवट इतका का गाजला? पाच वर्षं पंचाने सगळं लक्षात ठेवलं आणि अखेरच्या दहा मिनिटांत तो विसरला. मोजके पर्याय, जवळपास सारखीच दृश्यं, वेगळे रंग. संताप इतका झाला, की काही महिन्यांतच कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. लोक शेवट दुःखी होता म्हणून रागावले असं काहींनी म्हटलं. माझं मत वेगळं आहे. एअरिथच्या मृत्यूवर लोक रडले, त्यांनी दाद मागितली नाही. इथे त्यांना निकाल देण्याचं वचन दिलं गेलं होतं आणि मिळाला कीर्तनाचा शेवट.

विचर ३ : धुकं

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथांवरून खेळ रचले. २०१५ च्या विचर ३ मध्ये एक जहागीरदार आहे, दारुडा, बायकोला मारहाण करणारा, आणि आता पश्चात्तापाने पोखरलेला. त्याच्या हरवलेल्या बायकोचा शोध घेताना तुम्हाला एका झाडाखाली कैद केलेला आत्मा भेटतो. तो म्हणतो, मला सोड, मी अनाथ मुलांना वाचवीन. गावकरी म्हणतात, मार त्याला.

सोडलंत, तर मुलं वाचतात, पण एक गाव संपतं, जहागीरदाराची बायको शापाने मरते आणि तो गळफास घेतो. मारलंत, तर बायको वेडी का होईना जगते, तो तिला उपचारासाठी घेऊन निघतो, पण मुलं नाहीशी होतात. निर्णय घेताना यातलं जवळजवळ काहीच माहीत नसतं. आणि परिणाम कळतो तोवर तुम्ही कितीतरी पुढे आलेले असता. मागे जायचं तर तासन्‌तास पुन्हा खेळावं लागेल. राइसवित्सचा तिसरा माणूस इथे मला पुन्हा बसलेला दिसतो, लेखी हुकूम घेणारा आणि अर्धाच नकाशा दाखवणारा.

सेव्हचं बटण

आता या कलेतला सर्वांत मोठा दोष. प्रत्येक खेळात सेव्ह करता येतं. निर्णय चुकला, जुनं सेव्ह उघडलं, चूक पुसली. लेखकाने कितीही जीव ओतला तरी या बटणापुढे भोग उरत नाही.

२०१५ मध्ये टोबी फॉक्सच्या अंडरटेल या छोट्याशा खेळाने या बटणालाच गोष्टीत ओढलं. सुरुवातीला आईसारखी माया करणारी टोरिएल तुमच्या हातून मारली गेली, आणि वाईट वाटून तुम्ही जुनं सेव्ह उघडून तिला वाचवलंत, तर पुढे एक पात्र तुम्हाला सांगतं, की तू काय केलंस ते मला माहीत आहे. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. सगळ्यांना मारण्याचा मार्ग शेवटपर्यंत नेलात, तर पुढच्या वेळी कितीही सज्जनपणे खेळा, डाग राहतो. चित्रं साधी, जुन्या धाटणीची. स्मरण मात्र शंभर पटीने खर्चिक खेळांपेक्षा पक्कं.

डिस्को इलिसियम आणि परतलेले फासे

२०१९ चा डिस्को इलिसियम एस्टोनियातल्या मंडळींनी रचला. प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्स. हे जग आधी मित्रांच्या टेबलावरच्या खेळांत जन्मलं होतं, आणि ते जाणवतं. नायक एक पोलीस, दारूने स्मृती गमावलेला, आणि वसतिगृहामागच्या झाडाला एक प्रेत टांगलेलं. शब्द दहा लाखांहून जास्त. नेहमीच्या अर्थाने लढाई नाहीच.

यात नायकाचे २४ गुण, तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, त्याच्या डोक्यात बोलतात, भांडतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. पंचाला लेखकांनी खेळाडूच्या कवटीत बसवलं. दोन फासे पडतात. पांढरी चाचणी पुन्हा देता येते, लाल चाचणी एकदाच. आणि फासे उलटे पडले तर गोष्ट थांबत नाही, भलत्याच वाटेने चालू लागते. कित्येकदा ती वाट जास्त चांगली निघते. त्यामुळे जुनं सेव्ह उघडायची इच्छाच कमी होते. जोडीदार लेफ्टनंट किम कित्सुरागी शांतपणे पाहत असतो, आणि त्याच्यासमोर आपण कसे दिसतो याची लाज ही त्या खेळातली खरी शिक्षा.

२०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियनने बाल्डर्स गेट ३ आणला, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर. इथे वीस बाजूंचा फासा चक्क पडद्यावर घरंगळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी ऑनर मोड दिला : एकच सेव्ह, मागे जाणं नाही.

हिशेब

माझ्या वहीतला क्रम सांगतो. धुक्यात विचर ३ पहिला. स्मरणात अंडरटेल. नेतृत्वाच्या गोष्टीत मास इफेक्ट २. ठरलेली गोष्ट सांगण्यात फायनल फँटसी ७. आणि सगळं एकत्र धरून पहिला क्रमांक टॉर्मेंटचा, त्याच्या खांद्याला खांदा लावून डिस्को इलिसियम. टॉर्मेंट वर, कारण सेव्हचं बटण, मरण आणि शपथ या तिन्हींचा हिशेब त्याने एकाच गोष्टीत चुकता केला. याला कुणी हरकत घ्यावी. फक्त शेवट किती आणि पात्रं किती असं मोजून घेऊ नये.

आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा खेळ काढला. बहीण भावाला शोधायला निघते आणि दुर्गा व विष्णू तिची गोष्ट सांगतात. काटेकोर अर्थाने तो आरपीजी नाही, गोष्ट सरळ रेषेत जाते, पण ती कीर्तनाच्या वाटेवरची आहे आणि देखणी आहे. पंचाच्या वाटेवरचा भारतीय खेळ मला खेळायचा आहे. सामग्री आपल्याकडे ठासून भरली आहे. द्यूतसभेत फासे होते, नियम होते, आणि ज्यांनी निकाल द्यायचा ते वडीलधारे खाली मान घालून गप्प बसले. द्रौपदीने प्रश्न विचारला, त्याला सरळ उत्तर मिळालं नाही. त्या सभेत बसलेल्या एखाद्या सामान्य दरबाऱ्याची भूमिका खेळाडूला द्या, पांडवांच्या वनवासाची सगळी वर्षं त्याला भोगायला लावा, आणि बघा काय गोष्ट तयार होते.

पालकांना एकच सांगणं. मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर "किती वेळ झाला" हे विचाराच, पण त्याबरोबर "तू त्याला का वाचवलंस, हिला का नाही" हेही विचारा. आणि तरुणांना विनंती. यातला कोणताही एक खेळ एकदा तरी जुनं सेव्ह न उघडता शेवटपर्यंत खेळा. चुकलात तर चुकलात. नाल्याला पाणी आहे, रात्र आहे, आणि तुमच्या मागे माणसं उभी आहेत. आता काय करणार?

पुढच्या भागात पुन्हा नकाशे उघडू.

जय हिंद.